नोकरीचं पत्र आधी येतं

इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाचं वेळापत्रकच विचित्र आहे. कॉलेजात कंपन्या यायला लागतात ऑगस्टपासून. गेटची परीक्षा फेब्रुवारीत, निकाल मार्चमध्ये. आयआयटीसारख्या संस्थांतले पीएचडीचे इंटरव्ह्यू मे-जूनच्या आसपास आणि प्रवेश जुलैत. म्हणजे नोकरीचं पत्र घरी पोचून सहा-आठ महिने झालेले असतात. अम्मीने शेजारीपाजारी पेढे वाटलेले असतात. चाचांनी फोन करून ‘पॅकेज कितना है?’ विचारून घेतलेलं असतं. आणि मग एके दिवशी जेवताना मुलगा सांगतो की मला पीएचडीला नंबर लागलाय. घराला मात्र ऐकू येतं ते वेगळंच. हा हातात आलेली नोकरी सोडतोय!

‘और कितना पढ़ेगा?’ हा आपल्या मोहल्ल्यातला प्रश्न मग सुरू होतो. विचारणाऱ्यांना मी दोष देत नाही. ज्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी इंजिनियर झालाय, त्या घराने चार वर्षं फी भरलीय, कुणी दागिने मोडलेत, कुणी धाकट्याची शाळा बदललीय. त्या घराच्या दृष्टीने शिक्षण म्हणजे उसने दिलेले पैसे आणि नोकरी म्हणजे परतफेडीची तारीख. ती तारीख पाच वर्षं पुढे ढकलतो म्हटलं की बापाच्या पोटात गोळा येणारच.

म्हणूनच पीएचडी चांगली की नोकरी, यावर यूट्यूबवर जे सल्ले दिले जातात ते मला आपल्या मुलांच्या फारसे उपयोगाचे वाटत नाहीत. ते सल्ले ‘तुझी आवड काय’ इथून सुरू होतात. आपल्या घरांत पहिला प्रश्न असतो तो हा: कोण किती दिवस थांबू शकतं? या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिकपणे काढायचं तर आकड्यांपासून सुरुवात करावी लागते, आणि आकडे बघितले की घरातली निम्मी भांडणं गैरसमजावर चाललीत हे लक्षात येतं.

साधारण कॉलेजातल्या साधारण मुलाला कॅम्पसमधून आयटी कंपनी किती देते? वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास. कापाकापी होऊन हातात पंचवीस-सव्वीस हजार. हा आकडा दहा-बारा वर्षांपूर्वीही जवळपास एवढाच होता, महागाई मात्र तिथे थांबलेली नाही. पुण्यात हिंजवडीला किंवा नव्या मुंबईत कॉट बेसिसवर राहून, डबा लावून, घरी आठ-दहा हजार पाठवणारी मुलं मी बघतो. आता दुसरी बाजू. केंद्र सरकारच्या नियमानुसार संशोधक विद्यार्थ्याला मिळणारी फेलोशिप जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढची वर्षं ४२,००० रुपये आहे. त्याआधी ती ३१,००० आणि ३५,००० होती. चांगले गुण आणि गेटचा स्कोअर असेल तर बऱ्याच आयआयटी बी.ई., बी.टेक.नंतर थेट पीएचडीला घेतात, मध्ये एम.टेक. केलंच पाहिजे असं नाही. २०१८च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेली पंतप्रधान रिसर्च फेलोशिप मिळाली तर रक्कम ७०,००० पासून सुरू होऊन ८०,००० पर्यंत जाते, पण ती फार थोड्यांना. शिवाय फेलोशिपवर सहसा आयकर लागत नाही आणि हॉस्टेल स्वस्त असतं.

म्हणजे ज्या मुलासाठी घरात ‘नोकरी सोडून फुकट शिकत बसणार’ म्हणून रडारड चालू आहे, तो पहिल्या महिन्यापासून त्या नोकरीपेक्षा जास्त घरी आणणार असतो. हे बापाला कुणी सांगत नाही. मुलगाही सांगत नाही, कारण तो संशोधनाबद्दल भारावून बोलत असतो आणि पैशाचा विषय काढणं त्याला हलकं वाटतं. माझं म्हणणं आहे, त्याने आधी पैशाचंच बोलावं. कागदावर लिहून दाखवावं.

अर्थात हे गणित सगळ्यांना लागू नाही. ज्याला कॅम्पसमधून बारा-पंधरा लाखांची नोकरी लागली आहे, त्याच्यासाठी पीएचडी हा खरोखरचा त्याग आहे. साडेतीन लाखवाल्यालाही पाच वर्षांनंतरचं चित्र बघावं लागेल, कारण तोपर्यंत बरोबरीचे मित्र दोनदा कंपनी बदलून दुप्पट-तिप्पट झालेले असतात, त्यांचा प्रॉव्हिडंट फंड साठलेला असतो, आणि हा पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही अशा अवस्थेत तिशीकडे झुकलेला असतो. पण निर्णय घ्यायचाच तर खऱ्या तोट्याकडे बघून घ्यावा.

आता सगळ्यात महत्त्वाचा फरक. वर सांगितली ती पीएचडी म्हणजे महिन्याला पैसे देणारी. आपल्याकडे दुसऱ्या प्रकारची पीएचडी जास्त आहे. विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात नाव नोंदवायचं, फी आपणच भरायची, फेलोशिप मिळाली तर मिळाली. खासगी इंजिनियरिंग कॉलेजात शिकवणारे अनेक जण अशी पीएचडी करतात, कारण एआयसीटीईच्या नियमाप्रमाणे सहयोगी प्राध्यापक व्हायला पीएचडी लागते. त्यांचं कारण रास्त आहे, त्यांच्याकडे पगार आहे. पण नुकत्याच पास झालेल्या बावीस वर्षांच्या मुलाने त्यांचं बघून बिनपैशाच्या पीएचडीत उडी मारू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. घर श्रीमंत असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर तिसऱ्या वर्षी तो कुठल्यातरी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत असतो, थिसिस अर्धा राहतो आणि नोकरीचं वयही निघून जातं.

इथे एक गोष्ट आपल्या समाजापुरती सांगायला हवी. सच्चर समितीचा अहवाल २००६ मध्ये आला आणि त्यानंतर २००९ मध्ये मौलाना आझाद नॅशनल फेलोशिप सुरू झाली. मुस्लिम, बौद्ध, ख्रिश्चन, शीख, जैन आणि पारशी या सहा अल्पसंख्याक समाजांतल्या संशोधक विद्यार्थ्यांसाठी ती होती. २०१४-१५ ते २०२१-२२ या काळात ६,७२२ जणांना ती मिळाली. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने लोकसभेत सांगितलं की इतर योजनांशी ती ‘ओव्हरलॅप’ होते म्हणून २०२२-२३ पासून बंद. परदेशी शिक्षणाच्या कर्जावरचं व्याज भरणारी ‘पढो परदेश’ योजनाही त्याच सुमारास गेली. ज्यांची फेलोशिप आधीच मंजूर झालेली होती त्यांनाही हप्ते महिनोन्‌महिने अडकल्याच्या तक्रारी कराव्या लागल्या. ज्या माणसाच्या नावाने ही फेलोशिप होती, त्यानेच शिक्षणमंत्री म्हणून १९५१ मध्ये खरगपूरला पहिल्या आयआयटीचं उद्‌घाटन केलं होतं.

महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा समाजासाठी सारथी, ओबीसींसाठी महाज्योती आहे आणि पीएचडीच्या मुलांना त्यांचा आधार मिळालेला आहे. अल्पसंख्याकांसाठी ‘मार्टी’ या संस्थेला राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली ती २०२४ मध्ये. या संस्थेने इतरांच्या तोडीची फेलोशिप द्यावी ही मागणी आपण लावून धरायला हवी. पण घरी बसून निर्णय घेणाऱ्या मुलाला मी सांगेन की आज हातात जे मंजुरीचं पत्र आहे त्यावर हिशेब कर. उद्या सुरू होईल अशा योजनेवर पाच वर्षांचा संसार मांडू नकोस.

आपल्या घराघरांत, शाळाशाळांत डॉ. कलामांचा फोटो असतो. मुलांना भाषणात सांगितलं जातं, कलामांसारखे डॉक्टर व्हा. खरं तर कलामांनी पीएचडी केलेलीच नव्हती. मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून एरोनॉटिकल इंजिनियरिंग केलं, हवाई दलात पायलट व्हायचं होतं ते थोडक्यात हुकलं आणि ते संरक्षण खात्यात नोकरीला लागले. पुढे इस्रो. नावामागचं ‘डॉक्टर’ विद्यापीठांनी सन्मान म्हणून दिलेलं. त्यांच्या आत्मचरित्रातली मला जास्त महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. इंजिनियरिंगच्या प्रवेशासाठी हजार रुपये लागणार होते, तेव्हा त्यांच्या बहिणीने, जोहराने, सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण ठेवली. रामेश्वरमच्या त्या घरातही ‘कोण थांबू शकतं’ हाच प्रश्न होता आणि त्याचं उत्तर एका बहिणीने दिलं होतं. आपल्याकडेही बहुतेक वेळा तीच देते, फक्त तिला कुणी विचारत नाही.

कलामांच्या उदाहरणावरून कुणी म्हणेल, बघा, पीएचडीची गरजच नाही. तसंही नाही. मुंबईतलंच दुसरं घर बघा. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी बर्लिनमध्ये रसायनशास्त्रात डॉक्टरेट केली आणि १९३५ मध्ये मुंबईत सिप्ला सुरू केली. त्यांचे चिरंजीव युसूफ हमीद केंब्रिजहून पीएचडी करून १९६० मध्ये त्याच कारखान्यात आले. २००१ मध्ये याच कंपनीने एड्सवरची तीन औषधांची वर्षाची मात्रा ३५० डॉलरला देऊ केली, तेव्हा पाश्चात्त्य कंपन्या त्यासाठी दहा हजार डॉलरच्या वर घेत होत्या. हे इंजिनियर नव्हेत, केमिस्ट. पण मुद्दा तोच आहे: डॉक्टरेट एकीकडे आणि उद्योग दुसरीकडे अशी भिंत त्या घरात नव्हतीच. माटुंग्याच्या यूडीसीटीतही (आताची आयसीटी) नव्हती. डॉ. माशेलकर तिथूनच १९६६ मध्ये केमिकल इंजिनियर आणि १९६९ मध्ये पीएचडी झाले. तिथले पीएचडी झालेले विद्यार्थी रंग, औषधं, कीटकनाशकं बनवणाऱ्या कंपन्यांत जाणं ही रोजची गोष्ट आहे.

मग ही भिंत येते कुठून? ती शाखेप्रमाणे येते, आणि मुलांनी हे आधी समजून घ्यावं. केमिकल, औषधं, चिप डिझाइन, मटेरियल्स, बॅटरी, मशीन लर्निंग या ठिकाणी कंपन्यांना पीएचडीवाला हवा असतो आणि त्याला सुरुवातच वरच्या पायरीवर मिळते. सिव्हिलमध्ये, मेकॅनिकलच्या बऱ्याचशा भागात, साध्या सॉफ्टवेअरमध्ये एचआरवाला बायोडेटा बघून म्हणतो, ‘ओव्हरक्वालिफाइड’. भारत संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्काही खर्च करत नाही, ०.६४ टक्के हा सरकारचाच आकडा, आणि त्यातही खासगी कंपन्यांचा वाटा निम्म्याहून कमी. प्रयोगशाळाच थोड्या, तर माणसं कुठून घेणार? त्यामुळे सिव्हिलमध्ये पीएचडी करणाऱ्याने आपण शिक्षक होणार आहोत हे कबूल करून आत जावं. शिक्षक होणं वाईट नाही. पण सरकारी जागा भरायची वाट बघत खासगी कॉलेजात पगार दोन-दोन महिने उशिरा घेण्याची तयारी हवी.

आखाताचं काय, असं कोकणातले वाचक विचारतील. रत्नागिरी, रायगडमध्ये तीन पिढ्या कुवेत, दुबई, सौदी करण्यात गेल्या. आजोबा जहाजावर, बाप वेल्डर किंवा ड्रायव्हर, आणि मुलगा इंजिनियरच्या व्हिसावर जावा हे त्या बापाचं आयुष्यभराचं स्वप्न. तिथे साइटवर पीएचडी कुणी मागत नाही. पन्नास डिग्रीच्या उन्हात काम केलेल्या माणसाने ‘आता घराला हातभार लाव’ म्हटलं तर ते ऐकून घ्यायलाच हवं. शिकलेल्या पोराने त्याला ‘तुम्हाला रिसर्च काय कळणार’ म्हणणं मला अजिबात पटत नाही. त्याला बाकी काही कळो न कळो, महिन्याच्या एक तारखेचं महत्त्व चांगलं कळतं.

माझ्याकडे शिकलेल्या एका मुलाचं सांगतो. बापाचं गॅरेज, पाठीवर दोन बहिणी. गेटमध्ये चांगला स्कोअर, एका आयआयटीतून पीएचडीचं बोलावणं आणि पुण्यातल्या एका कंपनीचं पत्र, दोन्ही एकाच उन्हाळ्यात. मी त्याला म्हटलं, नोकरी घे. तो हिरमुसला. त्याला वाटलं होतं, सर तरी पीएचडीच्या बाजूने बोलतील. पण गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो. एवढी मुदत त्याच्याकडे होती. दोन वर्षांत मोठ्या बहिणीचा निकाह झाला, गॅरेजचं कर्ज फिटलं, आणि तिसऱ्या वर्षी तो पुन्हा इंटरव्ह्यूला गेला. कंपनीत गिअरबॉक्सच्या बेअरिंगचा एक बिघाड त्याने वर्षभर बघितला होता, त्याला त्याचं कारण सापडलं नव्हतं. इंटरव्ह्यूत त्याने तेच सांगितलं. आज तो त्याच विषयावर काम करतोय. धाकट्या बहिणीची जबाबदारी अजून आहे, फेलोशिपमधले पंधरा हजार दर महिन्याला घरी जातात, आणि त्याची स्वतःची लग्नाची गोष्ट निघाली की मुलीकडचे विचारतात, ‘लड़का नौकरी कब करेगा?’ सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. त्याच्याबरोबर असाच बेत करून नोकरीला लागलेले आणखी दोघे मात्र परत आले नाहीत. एकाने फ्लॅट घेतला, दुसऱ्याला मुलगी झाली. हप्ता सुरू झाला की परत येणं अवघड होतं, म्हणून परत यायचं असेल तर त्या दोन-तीन वर्षांत फ्लॅट आणि गाडी नको.

नोकरी करता करता पार्ट टाइम पीएचडीही करता येते, मालकाचं ना-हरकत पत्र लागतं. पण दिवसभर कंपनीत राबून रात्री संशोधन करणारे तडीस जाताना मी कमी पाहिलेत.

मुलींच्या बाबतीत हे सगळं उलटं फिरतं. मुलाला ‘और कितना पढ़ेगा’ म्हणणारं तेच घर मुलीला एम.टेक., पीएचडी करू देतं, कारण तिने बेंगळुरूच्या कंपनीत जाऊन रात्रीच्या कॅबने परतावं हे त्यांना नको असतं. रिश्ता येईपर्यंत गुंतवून ठेवायची जागा म्हणजे पीएचडी! आणि रिश्ता आला की ‘लड़की ज़्यादा पढ़ी हुई है’ म्हणून तोही मोडतो. अशा मुलींना माझं सांगणं मुलांच्या नेमकं उलट असतं. नोकरीचं पत्र हातात असेल तर आधी ते स्वीकारायचा विचार कर, घर पीएचडीला सहज हो म्हणतंय म्हणून पीएचडी करू नकोस. आणि खरंच संशोधन करायचं असेल तर नियम वाचून जा. यूजीसीच्या २०२२च्या नियमांत स्त्री संशोधकांना दोन वर्षांची जादा मुदत आहे, शिवाय बाळंतपण आणि मुलांच्या संगोपनासाठी एकदा २४० दिवसांपर्यंत रजा आहे. लग्न झालं म्हणून नाव काढून टाकायची गरज नाही. सासरच्या लोकांना हे ठरवताना सांगावं, नंतर नव्हे.

कर्जाचा एक मुद्दा आपल्या घरांत हमखास निघतो. व्याजाचं कर्ज नको म्हणून अनेक घरं परदेशी शिक्षणाचा विचारच करत नाहीत. एम.एस.साठी ते बरोबर आहे, तीस-चाळीस लाख लागतात. पण अमेरिकेत इंजिनियरिंगच्या पीएचडीला सहसा फी माफ असते आणि वर असिस्टंटशिपचे पैसे मिळतात. जर्मनीत तर बहुतेक ठिकाणी ती रीतसर करार केलेली नोकरीच असते, मात्र त्यासाठी आधी मास्टर्स लागतं. म्हणजे ज्याला कर्ज काढायचं नाही, त्याला एम.एस.पेक्षा पीएचडी परवडते. हे ऐकून कित्येक पालक माझ्याकडे संशयाने बघतात.

आणि ज्याच्या समोर दोन्ही पत्रं आहेत, त्याने स्वतःलाही एक प्रश्न विचारावा: शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट मी केला होता की दुकानातून आणला होता? आणला असेल तर पीएचडीचा विषय तिथेच संपवावा, राग न मानता. केला असेल, आणि त्यातलं काही अजून डोक्यात घोळत असेल, तर पुढची चौकशी संस्थेच्या नावाची न करता गाइडची करावी. त्यांच्या हाताखालून किती जण पूर्ण होऊन गेले, किती वर्षांत, आता कुठे आहेत, मध्येच किती सोडून गेले. जुन्या विद्यार्थ्यांना फोन करावा, ते सांगतात. नामांकित संस्थेतला, सात-सात वर्षं अडकवून ठेवणारा गाइड मिळण्यापेक्षा एनआयटीतला साधा, दर आठवड्याला भेटणारा माणूस बरा.

आपण समाज म्हणून काय करतो? यूपीएससीसाठी मुंबईच्या हज हाऊसमध्ये निवासी प्रशिक्षण उभं राहिलं, जकातीच्या पैशातून कोचिंग चालतं, आणि एखादा मुलगा चार वर्षं एक रुपया न कमावता त्या परीक्षेला बसला तरी मोहल्ला त्याच्याकडे आदराने बघतो. ‘कलेक्टर बनेगा.’ महिना ३७,००० घेऊन प्रयोगशाळेत काम करणारा मुलगा मात्र ‘अभी पढ़ ही रहा है’. त्याला मदत फारशी लागतच नाही. लागते ती फेलोशिपचा हप्ता चार-पाच महिने अडकला तर तेवढ्यापुरती, बिनव्याजी. ३७ हजार गुणिले पाच म्हणजे एक लाख ८५ हजार. आपल्या जमातींच्या बैतुलमालमध्ये, अंजुमनच्या फंडात कर्जे-हसना म्हणून एवढी रक्कम बाजूला ठेवता येते, पैसे आले की तो परत करतो. हे कुठल्या गावात सुरू असेल तर मला जरूर कळवा, इथे लिहीन.

ज्यांना येत्या उन्हाळ्यात ठरवायचं आहे त्यांच्यासाठी एक शेवटची गोष्ट. नोकरीचं पत्र म्हणजे नोकरी नव्हे. २०२२च्या बॅचमधल्या कितीतरी मुलांना हातात पत्र असूनही जॉइनिंगसाठी वर्ष-वर्ष थांबावं लागलं. तेव्हा पीएचडीला नकार कळवण्याआधी कंपनीला ईमेल करून जॉइनिंगची तारीख लेखी मागा, आणि ती तारीख घेऊनच अब्बांसमोर बसा.